फ्रिजची पाठ

रामनवमीच्या आदल्या दुपारी पोहरादेवीहून भाच्याचा फोन आला. मागे नगारा वाजत होता, भोंग्यांचा गलका होता, आणि त्यातून तो ओरडत होता, "मामा, फ्रिज थंडा होऊनच नाही राह्यला. गॅस संपला म्हणते इथला मेकॅनिक. अडीच हजार मागते."

"त्यानं फ्रिजची पाठ पाह्यली का?" मी विचारलं.

"पाठ? पाठ तं पेटीत बंद हाये."

"मंग गॅस संपला हे त्याले सपनात दिसलं का? त्याले चहा पाज आन जाऊ दे. तू पेचकस घे."

हा फ्रिज भाच्याच्या गाडीतला. गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. आतली बाकडी काढून दोन पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि बारा व्होल्टवर चालणारा साठ-सत्तर लिटरचा फ्रिज बसवलेला. शेगाव, लोणार, शिरपूर, कारंज्याचं गुरुमंदिर, पोहरादेवी, माहूर असा फेरा मारायचा आणि मुक्काम गाडीतच करायचा. सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात होतं. मग डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, कारंजा-शेलूबाजार-मालेगाव अशी आपल्या वाशीम जिल्ह्याच्या पोटातून वाट गेली, तेव्हा तर तो ऐकेनाच. मी एवढंच म्हणालो होतो, की फ्रिज बसवताना मला बोलव. त्याने सुताराला बोलावलं. सुताराने सुंदर काम केलं. फ्रिजला तिन्ही बाजूंनी प्लायवूड, वर सनमायका, फटीला फट नाही. देव्हारा म्हणून ते काम चाललं असतं.

मी मिसरूड फुटायच्या वयात वाशीमला उस्तादांकडे फ्रिज दुरुस्तीच्या कामाला लागलो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ च्या १ जुलैला वाशीम जिल्हा झाला, तोवर माझं स्वतःचं दुकान जुनं झालं होतं. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात मला मार्केट यार्डाच्या फाटकाशी नेऊन उभं केलं आणि एक हमाल दाखवला. "फ्रिज म्हणजे हा," ते म्हणाले. "फ्रिज थंडी बनवत नाही. आतली गर्मी पाठीवर घेतो आणि बाहेर नेऊन टाकतो. त्याला खायला दे, वाट मोकळी ठेव, पोतं टाकायला जागा दे. मग तो दिवसभर मरत नाही." इतकी वर्षं फ्रिज उघडले, पण याच्यापलीकडे फारसं काही शिकलो असं मला वाटत नाही. थंड न होणाऱ्या दहा फ्रिजांत सात तरी असे, की हमाल धडधाकट असतो आणि दोष त्याला राबवणाऱ्याचा असतो. गाडीतल्या फ्रिजात तर हे जास्तच, कारण गाडी हलते, तापते, आणि तिच्यातली वीज बॅटरीच्या कृपेवर असते.

म्हणून दार उघडायच्या आधी पाठ बघावी. पाठीवरची काळी जाळी, ज्याला कंडेन्सर म्हणतात, तिथे तो हमाल पोतं टाकतो. कॉम्प्रेसर चालू असताना तिच्यावर हाताची पालथी बाजू लावायची. सोसवेल इतकी ऊन लागली, की काम चालू आहे. हात ठेववत नाही इतकी तापली, की गर्मीला बाहेर जायला वाट नाही. आणि कॉम्प्रेसर गुरगुरतोय पण जाळी गारच, तर मात्र आतली गोष्ट बिघडली, तेव्हा गॅसचं नाव काढायचं. त्याआधी नाही. हल्लीच्या पुष्कळ फ्रिजांना मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याच्या आत चिकटवलेली असते. तेव्हा बाजू तापल्या म्हणून घाबरू नये, त्या तापायलाच हव्यात. फक्त त्या बाजू प्लायवूडला चिकटवू नयेत.

भाच्याने मागची फळी खोलली. "मामा, भट्टी हाये आत," तो म्हणाला. असणारच. बाहेर एप्रिलचं वऱ्हाडी ऊन, गाडीचा पत्रा तापलेला, आणि फ्रिज स्वतःचीच टाकलेली गर्मी पुन्हा पुन्हा उचलतोय. मी त्याला सांगितलं, की पेटीला खाली एक तळहाताएवढं भोक पाड आणि वर एक तेवढंच. खालून गार हवा शिरेल, जाळीला लागून तापेल, वरून निघेल. धुराड्याची जी रीत, तीच. फक्त वरचं भोक गाडीच्या आत सोडायचं नाही, बाहेर काढायचं, आणि त्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी बसवायची. हवा मेहनत घेईना तर कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावायचा, तोही बाराच व्होल्टवर चालतो. जत्रेत भोक पाडायला यंत्र कुठलं? म्हणून त्या दिवसापुरती मागची फळी काढूनच ठेवली आणि गाडी फिरवून फ्रिजची बाजू पश्चिमेकडून पूर्वेकडे घेतली. दुपारी सावली कुठे पडते ते बघून गाडी लावायची, ही गोष्ट बैल बांधणाऱ्या माणसाला सांगावी लागत नाही. ड्रायव्हरला लागते.

जाळीवर धूळ बसते, तिचंही सांगतो. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत तंतू उडतात, सोयाबीन निघालं की भुसा उडतो. रस्त्याच्या कडेला उभी राहणारी गाडी हे सगळं ओढून घेते. दर दोन महिन्यांनी मऊ ब्रशने, वरून खाली, जाळी झाडायची. फ्रिज बंद करून. पाणी मारायचं नाही.

आता या "गॅस संपला" प्रकरणाचं बोलतो, कारण माझ्याच धंद्यातल्या लोकांनी या दोन शब्दांवर घरं बांधली आहेत. फ्रिजमधला गॅस हा शेगडीच्या टाकीसारखा जळून संपत नाही. तो झाळलेल्या नळ्यांत कोंडलेला असतो आणि गोल गोल फिरतो. वीस वर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा माणूस तुमच्या पैशाने हवा भरतोय, दोन महिन्यांनी पुन्हा येईल. गाडी खडखडते, नळीला नळी घासते, झाळलेल्या जोडाला बारीक चीर जाते, हे होतं. अशी गळती असेल तिथे तेलाचा डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. दुसरी खूण बर्फाची. चालू फ्रिजमध्ये आतल्या थंड पत्र्यावर, म्हणजे बर्फाच्या कप्प्यात, दव किंवा बर्फ सगळीकडे सारखा धरला तर गॅस पुरेसा आहे. एका कोपऱ्यातच, नळी शिरते तिथेच पांढरं झालं आणि बाकीचा पत्रा कोरडा, तर गॅस कमी. हे बघायला मीटर लागत नाही, गेज लागत नाही, डोळे लागतात.

आणि भरायचाच झाला, तर कोणता गॅस आहे ते कॉम्प्रेसरवरच्या चिठ्ठीवर वाचायचं. जुन्या काळी आर-१२ होता, ओझोनच्या भानगडीत तो गेला, आपल्या देशात २०१० पर्यंत त्याचं उत्पादन बंद झालं. पुढे आर-१३४ए आला. आता घरच्या बहुतेक फ्रिजांत आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच सख्खा भाऊ. मूठभर असतो, चाळीस-साठ ग्रॅम, पण पेटतो. बंद गाडीत, शेजारी शेगडीची टाकी असताना, त्याची नळी तापवायला टॉर्च पेटवणारा मेकॅनिक दिसला, तर पैशाचं बोलणं नंतर करा, आधी खाली उतरा.

पाठ उघडी झाल्यावर तासाभराने भाचा म्हणाला, "थोडा फरक हाये, पण मधूनच बंद पडते. टक् करते अन् थांबते." मी विचारलं, कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या तारेवर किती व्होल्ट? तो म्हणाला, बॅटरीवर १२.१. मी म्हणालो, बॅटरी मी विचारलीच नाही. हमालाच्या तोंडात किती पडतं ते सांग, कोठारात किती आहे ते नको.

हा घोळ गाडीवाले हमखास करतात. बॅटरी मागे, फ्रिज पुढे, मध्ये सहा मीटर तार. जायची सहा, यायची सहा, झाली बारा. भाच्याने एक चौरस मिलिमीटरची तार टाकली होती, घरच्या बल्बला टाकतात तशी. फ्रिज पाच अँपिअर ओढत असेल तर एवढ्या तारेत एक व्होल्ट रस्त्यातच जिरतो. त्यात स्विचची गंजलेली पत्ती अर्धा व्होल्ट खाते. बॅटरीवर १२.१ आणि फ्रिजपाशी १०.६. कॉम्प्रेसर सुरू होताना ओढ वाढते, तेव्हा तर आणखी खाली. असल्या फ्रिजमध्ये एक राखणदार बसवलेला असतो. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरलं की तो कॉम्प्रेसर बंद करतो, नाहीतर बॅटरी मरेल. त्याची काही चूक नाही. चार चौरस मिलिमीटरची तार घातली असती तर एक व्होल्टाऐवजी पाव व्होल्ट गेला असता. फरक दोन-चारशे रुपयांचा. अर्थिंगची तार गाडीच्या रंगावर नको, घासून पांढऱ्या केलेल्या पत्र्यावर हवी. थिंबल पकडीने नीट दाबलेली हवी, तारेला नुसता वेटोळा मारून नट आवळलेला नको. फ्यूज बॅटरीशेजारी हवा, फ्रिजशेजारी नको; तार मध्येच घासून पेटली तर फ्रिजशेजारचा फ्यूज तिचं काय करणार?

गाडी उभी असताना किती तास चालेल, हा हिशेब तोंडपाठ हवा. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी असली तरी तिच्यातले पन्नासच आपले समजावे, त्याखाली नेलं की ती लवकर म्हातारी होते. फ्रिज सरासरी चार अँपिअर खात असेल तर बारा तास झाले. उन्हाळ्यात कॉम्प्रेसरला विश्रांतीच मिळत नाही, तेव्हा दहाच धरा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर फ्रिजला शिव्या घालू नका, अल्टरनेटरचा पट्टा बघा.

जाड तार घातली, तरी फ्रिज गार होईना. मग मी विचारायचा तो प्रश्न विचारला, जो खरं तर पहिला विचारायला हवा होता. वय झालं की क्रम चुकतो.

"आत काय ठेवलं हाये?"

"पाण्याच्या चोवीस बाटल्या. एक-एक लिटरच्या. डिक्कीत होत्या, तशाच टाकल्या."

इथे हिशेब करून बघा. डिक्कीतलं पाणी ३८ अंश. आपल्याला हवं ८ अंश. एक लिटर पाणी एक अंश उतरवायला एक किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. चोवीस लिटर, तीस अंश, म्हणजे ७२० किलोकॅलरी. गाडीतला लहान कॉम्प्रेसर अशा उन्हात तासाला जेमतेम चाळीस-पन्नास किलोकॅलरी बाहेर फेकतो, आणि त्यातली निम्मी तर भिंतींतून आत शिरणाऱ्या गर्मीतच जाते. म्हणजे फ्रिज पूर्ण निरोगी असला तरी तीस-पस्तीस तास गेले. आणि भाचा दर अर्ध्या तासाने दार उघडून बाटलीला हात लावून बघत होता!

आता बर्फाचं बघा. एक किलो बर्फ नुसता वितळतानाच ८० किलोकॅलरी पितो. ७२० ला ८० ने भागा. नऊ किलो. जत्रेत उसाच्या रसवाल्याच्या गाड्यावर बर्फाची लादी पोत्यात गुंडाळलेली असते, नऊ-दहा किलोचा तुकडा तो सहज देतो. टपात बाटल्या, वर फोडलेला बर्फ, थोडं पाणी घालायचं म्हणजे बाटलीच्या अंगाला सगळीकडून गारवा लागतो, आणि वर ओलं पोतं. तास-दीड तासात काम झालं. मग त्या गार बाटल्या पुसून फ्रिजमध्ये. प्रवासातल्या फ्रिजकडून एवढंच मागावं, की गार आहे ते गार राख. गार करून दे, असं मागू नये. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर रिकामा फ्रिज लावून ठेवावा आणि सामान घरच्या फ्रिजमधून थेट त्यात भरावं. ज्याला याहून थंड हवं त्याने कुल्फीवाल्याला विचारावं. तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घातलं की पारा शून्याच्या वीस अंश खाली जातो, ना वीज लागते ना गॅस. आणि प्यायच्या पाण्याला माठ. कोरड्या हवेत, म्हणजे आपल्याकडे मार्च ते मे, माठासारखी चीज नाही. मृग लागला की मात्र त्याची कला संपते.

भाच्याला बाटल्या बाहेर काढायला लावल्या. आत उरलं दूध, दही, भाजी आणि माझ्या बहिणीचं इन्सुलिन. ते कुठे ठेवलं होतं? बर्फाच्या पत्र्याला टेकून, "सगळ्यात थंड जागा" म्हणून. हे लक्षात ठेवा: इन्सुलिनला दोन ते आठ अंश लागतात. ते नासतं उन्हाने तसंच गोठण्यानेही, आणि गोठून पुन्हा वितळलेलं बघून ओळखू येतंच असं नाही. मधल्या कप्प्यात, डब्यात घालून, पत्र्यापासून आणि बर्फापासून लांब. एकदा गोठलं की टाकून द्यायचं, किंमत बघायची नाही. त्या दिवशी फ्रिज गार होत नव्हता म्हणून ते गोठण्यातून वाचलं. असाही एक उपयोग.

दाराचं पटकन सांगतो. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सळकन निघाली तर तिथून गार हवाही निघते. चारही बाजूंनी करून बघा. गाडीत खालच्या बिजागरीचा स्क्रू खड्ड्यांनी सैल होतो आणि दार एका अंगाला लोंबतं, रबर बिचारं चांगलं असतं. वाकलेलं रबर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकलं की पुन्हा फुगतं. आतला दिवा दार लावल्यावर विझतो का, हे पूर्वी आम्ही बोटाने बटण दाबून बघायचो. भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ चालू करून मोबाईलच आत ठेवला आणि दार लावलं. ही युक्ती मला कधी सुचली नसती. दिवा विझत होता.

आता उस्तादांची एक गोष्ट, कारण गाडीतून फिरणाऱ्या एका जातीच्या फ्रिजशी तिचा संबंध आहे. एका दवाखान्यात रॉकेलवर चालणारा फ्रिज होता. खाली वात, वर गारवा. मला ते चेटूकच वाटलं. तो गार होत नव्हता. वात कातरून झाली, काजळी काढून झाली, ज्योत निळी झाली, तरी नाही. उस्तादांनी फ्रिजवर पाण्याने भरलेली थाळी ठेवली. पाणी एका कडेला आलं. फरशी खचली होती. त्यांनी एका पायाखाली कौलाचा तुकडा सारला आणि आम्ही चहा पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी बर्फ.

या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो, हलणारा एकही भाग नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, बस. ज्योतीने अमोनिया पाण्यातून उकळून निघतो, पुढे थंड होऊन खाली वाहतो, आणि हे सगळं नुसत्या उतारावर चालतं. उतार बिघडला की पाणी भलत्या नळीत साचतं आणि फिरणं थांबतं. स्टॉकहोममधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये तो काढला. पुढे आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनीही हलत्या भागांविना चालणारा एक फ्रिज काढून १९३० मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं, पण दुकानात आला तो त्या विद्यार्थ्यांचा. परदेशातल्या घरगाड्यांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो तो याच्याच वंशातला. तुमच्या गाडीत तसला आला असेल तर मुक्कामाला थाळी ठेवून गाडी समतल करा, गार व्हायला आठ-दहा तास द्या, आणि पाठीमागे पिवळा डाग दिसला किंवा डोळे झोंबणारा वास आला तर तो दुरुस्त करत बसू नका, विझवा आणि खिडक्या उघडा.

घरचाच साधा फ्रिज छोट्या हत्तीत, म्हणजे मालवाहू टेम्पोत, घालून फिरणारेही खूप आहेत, लस्सीवाले, आइस्क्रीमवाले. त्यांना दोनच गोष्टी. आडवा करून नेलात तर उभा केल्यावर निदान काही तास चालू करू नका, तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरू द्या. आणि वीज गेली-आली, जनरेटर बंद-चालू झाला, तर तीन ते पाच मिनिटं थांबून मगच बटण दाबा. आतला दाब उतरायच्या आधी कॉम्प्रेसरला उठवलं की तो उठत नाही, टक् करतो, तापतो, आणि असं दहा वेळा झालं की कायमचा झोपतो. इन्व्हर्टर घ्याल तो प्युअर साइन वेव्हचाच घ्या.

बर्फ सुरीने खरवडू नका, हे सांगायलाच नको, पण सांगतो. माझ्या दुकानात भोक पडलेले जितके बर्फाचे कप्पे आले, त्यातले बहुतेक सुरीने पडलेले आणि बहुतेक घरी "आपोआप पडलं" म्हणून सांगितलेले. बोटाएवढा बर्फ साचायच्या आत फ्रिज बंद करून, दार उघडं टाकून वितळू द्या.

रात्री दहाला मी भाच्याला फोन केला. म्हणाला, "आता थंडा वाटते."

"वाटते म्हणजे किती?"

"हात लावला तं थंडा लागते."

"बाहेर चाळीस असलं तं पंचवीसही थंडंच लागते बाप्पा. एक ग्लास पाणी मधल्या कप्प्यात ठेव, त्यात थर्मामीटर ठेव, सकाळी दार उघडल्याबरोबर वाचजो."

हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, ग्लासातलं पाणी खोटं बोलत नाही. हा थर्मामीटर शे-दोनशे रुपयांना मिळतो, आणि तो नसल्यामुळे लोक माझ्या धंद्याला हजारोंनी पोसतात.

सकाळी सहाला मेसेज आला, पाच अंश. मेकॅनिकचे अडीच हजार वाचले, त्यातले तीनशे जाड तारेला गेले.

मी आता दुकान बंद केलं आहे, पण फोन अजून येतात, आणि लोक घरीही येतात. यायला माझी ना नाही. फक्त येताना थर्मामीटरचा तो आकडा घेऊन या.